गेमच्या संगीतात कोणाचा हात आहे, हे कसं ओळखायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगावात आम्ही काही जण एकत्र बसून व्हिडिओ गेमचं संगीत ऐकतो. गेम खेळायला नाही, फक्त ऐकायला. भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, शिरपूर, शहादा अशा गावांतून मुलं-मुली येतात आणि पहिल्या भेटीत साधारण तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. विषय एकच आहे: दोन-तीन संगीतकारांनी मिळून केलेल्या गेममध्ये कुठली चाल कोणाची, हे कानाने कसं ओळखायचं.

एका गेमला इतके संगीतकार लागतातच कशाला?

काम प्रचंड असतं म्हणून. चित्रपटाला सहा-आठ गाणी आणि पार्श्वसंगीत लागतं, तर मोठ्या गेमला शंभराच्या आसपास तुकडे लागतात. २००१ च्या ‘फायनल फँटसी १०’ चा मूळ अल्बम चार सीडींचा आहे आणि त्यात ९१ तुकडे आहेत. या मालिकेतल्या आधीच्या नऊ क्रमांकित गेमचं संगीत मुख्यतः एकट्या नोबुओ उएमात्सु यांचं होतं. दहाव्यात त्यांच्या जोडीला मासाशी हामाउझु आणि जुन्या नाकानो आले.

कधी कारण वेगळंच असतं. १९९५ च्या ‘क्रोनो ट्रिगर’चं बहुतेक संगीत यासुनोरी मित्सुदा या तरुणाचं. कामाच्या ताणाने त्यांच्या पोटात अल्सर झाला, ते आजारी पडले आणि उरलेले सुमारे दहा तुकडे उएमात्सुंनी पूर्ण केले. गेममधली एक लढाईची चाल नोरिको मात्सुएदा यांची आहे. खेळणाऱ्याला हे तीन हात वेगळे जाणवतही नाहीत, इतकं ते एकजीव झालंय. म्हणूनच आमच्याकडे हा गेम नवख्यांना देत नाही. तो नंतरचा.

श्रेयनामावलीत नावं असतातच की. मग ओळखायचं काय राहिलं?

नावं असतात, पण कुठल्या तुकड्यापुढे कुठलं नाव हे बहुतेकदा नसतं. शेवटच्या पडद्यावर ‘संगीत’ आणि खाली तीन नावं, एवढंच. जुन्या जपानी कंपन्यांमध्ये तर सगळ्या विभागाचं मिळून एकच नाव लावायची पद्धत होती. कोनामीचा ‘कुकेइहा क्लब’, टायटोची ‘झुनटाटा’, फाल्कॉमची ‘साउंड टीम जेडीके’ ही सगळी सामूहिक नावं.

ठीक आहे, पण सुरुवात कुठून करायची?

ज्या गेममधला हात ओळखायचा आहे, तो गेम सर्वांत शेवटी ऐका. आधी त्या संगीतकारांचं एकट्याचं काम ऐका. हे इतकं साधं आहे, तरी बहुतेक जण उलट करतात आणि मग अंदाजपंचे बोलत राहतात.

‘फायनल फँटसी १०’ साठीच सांगतो. उएमात्सुंसाठी त्याच मालिकेतला सातवा किंवा नववा भाग घ्या. हामाउझुंसाठी १९९९ चा ‘सागा फ्रंटियर २’. नाकानोंसाठी त्याच वर्षीचा ‘थ्रेड्स ऑफ फेट’. तिन्ही मनसोक्त ऐकून झाले की मग दहावा भाग लावा.

उएमात्सुंची चाल तुम्ही चहा करता करता गुणगुणू शकता. ‘टू झानारकंड’ हा पियानोचा तुकडा घ्या. बाकी सगळं काढून टाकलं तरी वरची सुरावट एकटी उभी राहते. हामाउझु म्युनिकमध्ये जन्मले, आई पियानोशिक्षिका आणि वडील ऑपेरा गायक. त्यांच्या ‘बेसेड आयलंड’ या तुकड्यात लक्ष सुरावटीपेक्षा खालच्या कॉर्डकडे, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटाकडे, जातं. कॉर्डमध्ये एखादा जास्तीचा सूर मिसळलेला असतो, त्यामुळे ती पूर्ण हसरीही नसते आणि पूर्ण उदासही नसते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या फ्रेंच पियानोसंगीताची सावली त्यात दिसते. नाकानो लहानसा तुकडा घेतात, तो पुन्हा पुन्हा वाजवतात आणि त्याच्याभोवती तालाचे थर चढवत नेतात. गुणगुणायला गेलात तर हाती फारसं लागत नाही, पण पाय हलायला लागतो.

नेमकं काय ऐकायचं? ‘शैली’ म्हणजे बोट ठेवून दाखवता येईल असं काय?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून उत्तर लांब आहे.

आमच्याकडे लग्नसराईत वरात दोन गल्ल्या पलीकडे असते, तेव्हाच ओट्यावर बसलेली माणसं सांगतात की हा अमुक गावचा बँड. गाणं तेच, सनई-ट्रम्पेटही तसेच. ओळखू येतं ते वाजवणाऱ्याच्या सवयीवरून: सूर कुठून उचलतो, ओळ कुठे सोडतो, ढोलाला कुठे मोकळीक देतो. गेमच्या संगीतातही सवयच शोधायची आहे.

सवय सापडते ती निवड करायला मोकळीक असते तिथे. ज्या गोष्टी यंत्राने, कथेने किंवा दिग्दर्शकाने ठरवून दिल्या, त्यात संगीतकार दिसत नाही. गेममधल्या बर्फाच्या पातळीला (लेव्हलला) घंटांचा आवाज कोणीही वापरेल. पण त्या घंटांखाली बेस, म्हणजे सर्वांत खालच्या सुरांची ओळ, कसा चालतो, हे कोणी सांगितलेलं नसतं.

म्हणून पहिल्यांदा बेस ऐका. तो कॉर्डच्या मूळ सुरावर मुक्काम ठोकून बसतो, की पायऱ्या चढत-उतरत स्वतःची दुसरी चाल गातो? आमच्या अनुभवात संगीतकाराची खरी ओळख इथे सर्वांत लवकर पटते, कारण वरची सुरावट प्रसंगाप्रमाणे बदलते पण बेस लिहिण्याची सवय सहसा बदलत नाही.

मग लूपचा सांधा. गेमचं संगीत संपत नाही, फिरून पहिल्या जागी येतं. ते परत कसं येतं हे कान देऊन ऐका. काही जण शेवटी असा ताण तयार करतात की पहिला सूर आल्यावर समेवर आल्यासारखं वाटतं. काही जण सांधा लपवतात, ताल हळूच पातळ करतात आणि पुन्हा कधी सुरू झालं ते कळत नाही. चित्रपटसंगीत ऐकून तयार झालेला कान ही जागा नेहमी सोडून देतो, कारण तिकडे हा प्रश्नच नसतो.

त्यानंतर चाल किती वेळाने येते ते बघा. ‘डाँकी काँग कंट्री’ या १९९४ च्या गेममध्ये तीन संगीतकार आहेत: डेव्हिड वाइज, एव्हलिन फिशर आणि रॉबिन बीनलँड. बीनलँड यांचा एकच तुकडा आहे, ‘फंकीज फ्यूग’. खरा खेळ वाइज आणि फिशर यांच्यात आहे. वाइज यांचा ‘अ‍ॅक्वाटिक अ‍ॅम्बियन्स’ लावा. पाण्याखालची पातळी आहे. आधी लांब, चमकणारे सूर पसरतात, एकेक थर येतो आणि मुख्य चाल बरीच उशिरा वर येते. ती आली की मात्र सगळं तिच्या मागे चालतं. आता फिशर यांचा ‘नॉर्दर्न हेमिस्फियर्स’ लावा. हिमवादळाची पातळी आहे. इथेही सुरुवात वातावरणानेच होते, पण संगीत सुरावटीच्या हवाली होत नाही. ते गारठा आणि ताण धरून ठेवतं, चित्रपटातल्या पार्श्वसंगीतासारखं. वाइज गाण्याच्या दिशेने जातात, फिशर प्रसंगाच्या दिशेने. हे एकदा कानाला पटलं की ‘फॉरेस्ट फ्रेंझी’ आणि ‘आइस केव्ह चँट’ फिशर यांचे, हे नाव न वाचता ओळखणारी मुलं आमच्याकडे आहेत.

सुरांची सजावट, कंप, मींड यांच्याकडेही लक्ष द्या, पण सर्वांत शेवटी. का ते पुढच्या उत्तरात.

वाद्यांच्या आवाजावरून सरळ ओळखता येत नाही का?

नाही. सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते.

‘डाँकी काँग कंट्री’ ज्या सुपर निन्टेंडो या गेमयंत्रावर चालायचा, त्याच्या ध्वनी विभागात एका वेळी फक्त ८ आवाज वाजू शकत आणि सगळ्यासाठी मिळून स्मृती ६४ किलोबाइट. वाद्यांचे नमुने (म्हणजे मुद्रित करून ठेवलेले छोटे आवाज), वाजवण्याच्या सूचना, एवढंच काय तर घुमणारा प्रतिध्वनीसुद्धा त्याच ६४ किलोबाइटमध्ये बसवायचा. प्रतिध्वनी जितका लांब, तितकी वाद्यांना जागा कमी. त्यामुळे एका गेममधले संगीतकार बऱ्याचदा तेच नमुने वाटून घेत. बासरी सारखी वाटली म्हणून संगीतकार एक, असं म्हणण्यात काही अर्थ नाही.

सेगा कंपनीच्या मेगा ड्राइव्ह या गेमयंत्राची गोष्ट वेगळी. तिथे यामाहाची आवाज तयार करणारी एफएम चिप होती, ६ चॅनेलची, आणि प्रत्येक वाद्याचा आवाज आकडे बसवून घडवावा लागे. तिथे आवाज घडवणं हीच एक कला झाली. संगीतकार युझो कोशिरो यांनी तर संगीत लिहिण्यासाठी स्वतःची संगणकीय भाषा तयार केली होती. अशा माणसाच्या बाबतीत आवाजही पुरावा ठरतो. पण प्रत्येक कंपनीत संगीतकारच आवाज घडवत असे असं नाही, काही ठिकाणी ते काम दुसऱ्याकडे असे.

संयोजकाचा ठसा आणि संगीतकाराचा ठसा वेगळा कसा काढायचा?

हिंदी चित्रपटसंगीत ऐकणाऱ्यांना हे लगेच कळेल. शंकर-जयकिशनच्या गाण्यात जो ढोलकीचा ठेका लोक ‘शंकर-जयकिशनचा’ म्हणून ओळखतात, तो दत्ताराम यांचा आहे. त्याला ‘दत्ताराम ठेका’ असंच नाव पडलं. व्हायोलिनच्या भरगच्च ओळींमागे सेबॅस्टियन डिसूझा होते. म्हणजे ज्याला आपण संगीतकाराची खूण समजतो, ती कधी कधी संयोजकाची असते.

गेममध्ये हेच होतं. मूळ चाल एकाची, वाद्यरचना दुसऱ्याची. उपाय एकच: चाल नागडी करून ऐका. पेटीवर किंवा मोबाइलच्या कीबोर्डवर फक्त सुरावट आणि बेस वाजवा. जे शिल्लक राहतं ते बहुधा संगीतकाराचं. जे गळून पडलं ते कोणाचंही असू शकतं.

मी संगीत शिकलेलो नाही. जमेल का?

जमेल. आमच्याकडे धडगाव भागातला एक मुलगा यायचा, होळीला ढोल वाजवणारा. कॉर्ड हा शब्दही त्याने ऐकला नव्हता. पण एका गेमच्या दोन लढायांचं संगीत ऐकून तो म्हणाला, ‘सर, ह्याच्यात ढोल चालीच्या मागे आहे, त्याच्यात चाल ढोलाच्या मागे आहे.’ आम्ही यादी काढली तर संगीतकार खरंच दोन निघाले. ज्याला जे संगीत अंगात आहे, त्याने त्याच बाजूने आत शिरावं. भजनात टाळ धरणाऱ्याने लय बघावी, पेटी वाजवणाऱ्याने सुरावट बघावी.

आम्ही मोबाइलवर माइनक्राफ्ट खेळतो. त्यातही वेगवेगळे संगीतकार आहेत का?

आहेत, आणि नवख्यासाठी ही फार चांगली शाळा आहे. सुरुवातीचं संगीत डॅनियल रोझेनफेल्ड यांचं, जे ‘सी४१८’ या नावाने काम करतात. त्यांचे दोन अल्बम २०११ आणि २०१३ चे. २०२० च्या नेदर अपडेटमध्ये लीना रेन आल्या आणि २०२१ च्या ‘केव्ह्ज अँड क्लिफ्स’मध्ये त्यांच्यासोबत कुमी तानिओका.

रोझेनफेल्ड यांच्या पियानोत मोकळी जागा भरपूर. दोन सुरांच्या मधली शांतता ते घाबरून भरत नाहीत. ‘स्वीडन’ ऐका. लीना रेन यांची ओळख आधी २०१८ च्या ‘सेलेस्टे’मधून करून घ्या, मग ‘पिगस्टेप’ लावा, ताल कसा पुढे सरसावतो ते लगेच कळेल. तानिओका यांच्यासाठी २००३ चा ‘फायनल फँटसी क्रिस्टल क्रॉनिकल्स’.

एक अडचण. हा गेम संगीत सलग वाजवत नाही, मध्ये लांब शांतता ठेवतो. म्हणून खेळताना नाही, अल्बम लावून ऐका.

टोपणनावं कशासाठी वापरायचे?

१९८० च्या दशकात अनेक जपानी कंपन्या कर्मचाऱ्यांची खरी नावं गेममध्ये येऊ देत नसत. दुसऱ्या कंपनीने माणूस पळवू नये, हे त्यामागचं एक कारण सांगितलं जातं. १९८६ च्या ‘कॅसलव्हेनिया’च्या शेवटी संगीतकार म्हणून नाव येतं ‘जेम्स बनाना’. केळीच्या जिल्ह्यात हे वाचलं की सगळे हसतात. पण त्या नावामागे किनुयो यामाशिता होत्या, नुकत्याच कॉलेजातून बाहेर पडलेल्या, आणि त्यांच्यासोबत सातोए तेराशिमा. १९८७ चा ‘मेगा मॅन’ मानामी मात्सुमाए यांचा, पण पडद्यावर नाव ‘चांचाकोरिन मानामी’. जगभरच्या मुलांनी ज्यांच्या चाली शिट्टीवर वाजवल्या, त्या बायकांची खरी नावं गेम खेळणाऱ्यांना बराच काळ माहीतच नव्हती. आम्ही एवढा आटापिटा का करतो असं कोणी विचारलं की मी या दोन गेमची नावं घेतो.

‘सॉनिक ३’ मध्ये मायकल जॅक्सन होता म्हणतात, ते खरं का?

१९९४ च्या या गेमवर ब्रॅड बक्सर यांनी काम केलं, आणि बक्सर हे जॅक्सनचे वादक-सहकारी होते. जॅक्सनचा सहभाग होता असं त्यांनी स्वतः सांगितलंय. शेवटच्या नामावलीत मात्र जॅक्सनचं नाव नाही. आमच्या विषयासाठी त्याहून रंजक आहे ती ‘आइसकॅप झोन’ची चाल. ती बक्सर यांच्या जुन्या ‘जेट्झन्स’ या बँडच्या ‘हार्ड टाइम्स’ या गाण्यावर बेतलेली आहे. गेम आला तेव्हा ते गाणं लोकांपर्यंत पोहोचलेलंच नव्हतं. दोन चाली सारख्या वाटल्या तर लगेच ‘चोरली’ म्हणू नका. आधी बघा, दोन्हीकडे काम केलेला माणूस एकच आहे का.

एआयला विचारलं तर सांगेल का?

आकडेवारीने हे काम करता येतं, एआयच्या आधीपासून. २०१९ मध्ये मार्क ग्लिकमन आणि सहकाऱ्यांनी ‘बीटल्स’ या बँडच्या लेनन आणि मॅकार्टनी यांची गाणी अशीच तपासली. ज्या गाण्यांचा कर्ता नक्की माहीत आहे ती आधी घेतली, त्यातले कॉर्ड, कॉर्डची अदलाबदल, सूर, सुरांच्या जोड्या आणि चार सुरांचे चढउतार मोजले. मग वादातली गाणी त्या मापाने पाहिली. ‘इन माय लाइफ’बद्दल दोघांच्या आठवणी जुळत नव्हत्या. हिशोबाने कौल लेननकडे दिला.

यात शिकण्यासारखं हे, की त्यांनी आधी खात्रीची गाणी गोळा केली आणि उत्तर शक्यतेच्या भाषेत दिलं. चॅटबॉटला नुसतं ‘हा तुकडा कोणाचा’ विचारलंत तर तो ठामपणे काहीही सांगू शकतो. त्याला पुरावा म्हणून धरू नका.

मग खात्री कशी करायची?

सीडीसोबतची पुस्तिका पहिली. जपानी अल्बममध्ये तुकड्यागणिक नाव असण्याची शक्यता चांगली असते. त्यानंतर संगीतकारांच्या मुलाखती. जपानमध्ये हक्कांची नोंद ठेवणाऱ्या जासराक या संस्थेची यादी कोणालाही पाहता येते, आपल्याकडे आयपीआरएस आहे तशीच ती. पण कंपनीच्या मालकीचं सगळं संगीत तिथे असतंच असं नाही.

आमच्या वहीत तीन रकाने आहेत: ‘छापील नोंद’, ‘संगीतकाराने सांगितलेलं’ आणि ‘आमचा कान’. तिसऱ्यातलं नाव पहिल्या रकान्यात कधीच सरकवायचं नाही. कुठे लिहिताना ‘आम्हाला अमुक यांचं वाटतं, कारण बेस असा चालतो’ एवढं लिहा. कारण दिलं की दुसऱ्याला तपासता येतं. नुसतं नाव दिलं की ते चारजण उचलतात आणि वर्षभरात ते सत्य होऊन बसतं.

कोणतं साहित्य लागतं?

मोबाइलच्या स्पीकरवर बेस ऐकूच येत नाही, त्यामुळे साधे का होईना, वायरचे इअरफोन घ्या. संगणक असेल तर ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर, त्यात तुकडा संथ करून ऐकता येतो. बाकी वही-पेन.

ही पद्धत अहिराणी गाण्यांना लावता येईल का?

हा प्रश्न धुळ्याच्या एका ताईंनी विचारला आणि तेव्हापासून आम्ही त्यावर बोलतोच आहोत. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कानबाईची गाणी किंवा जात्यावरच्या ओव्या यांना एक कर्ता शोधत बसू नये. त्या पिढ्यान् पिढ्या बायकांनी गाता गाता घडवल्या, तिथे कान लावलात तर माणूस सापडत नाही, गाव आणि परिसर सापडतो, आणि तेही मोलाचंच आहे.

आताची यूट्यूबवरची अहिराणी गाणी मात्र वेगळी. तिथे चाल लावणारा, संयोजन करणारा आणि गाणारा असे तीन जण असतात. गाणं लग्नात वाजतं, डीजे ते कापून-जोडून वाजवतो, पुन्हा दुसऱ्या चॅनेलवर चढतं आणि मूळ नाव गळून पडतं. ‘हाई चाल कोनी शे?’ असं विचारलं तर गायकाचंच नाव सांगतात. तुमच्या गावात असं गाणं करणारं कोणी असेल तर त्यांच्याकडे आत्ताच जा आणि चाल कोणाची, संयोजन कोणाचं, कुठे ध्वनिमुद्रण झालं हे लिहून घ्या. जपानमधल्या चाळीस वर्षांपूर्वीच्या नावांचा शोध लोकांना अजून घ्यावा लागतो. इथली माणसं आज फोनवर बोलायला हजर आहेत.

एकच सराव सांगायचा तर कोणता?

‘डाँकी काँग कंट्री ३’. हा गेम १९९६ मध्ये सुपर निन्टेंडोवर आला तेव्हा त्याचं बहुतेक संगीत एव्हलिन फिशर यांचं होतं. २००५ मध्ये तोच गेम गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवर आला आणि त्याला डेव्हिड वाइज यांनी नव्याने संगीत दिलं. म्हणजे पातळी तीच, बर्फ तोच, नदी तीच, आणि चाली दोन वेगळ्या माणसांच्या. अशी संधी फार क्वचित मिळते.

त्याआधी १९९५ चा दुसरा भाग ऐका, तो वाइज यांचा आहे. मग तिसऱ्या भागाची कोणतीही एक पातळी निवडा आणि दोन्ही आवृत्त्यांतलं तिचं संगीत कोणाला तरी नाव न सांगता लावायला सांगा. पहिल्यांदा फक्त बेस लिहा, दुसऱ्यांदा लूपचा सांधा, तिसऱ्यांदा चाल किती वेळाने आली ते. नाव सर्वांत शेवटी लिहा, आणि त्याच्यापुढे कारण.